लेकीकडचं घ्यायचं नाही

माझे वडील माझ्या घरी यायचे ते स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. जग त्यांना अण्णासाहेब म्हणे, आम्ही अण्णा. लग्न झालेल्या मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आमच्याकडे जुना रिवाज. ज्याने कुणी तो काढला त्याला वाटलं असेल, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, बारशाला जेवेल म्हातारा पोटभर. मला मूल झालं नाही. त्यामुळे माझं लग्न झाल्यापासून अण्णा फरीदाबादला येत राहिले, सोफ्यावर बसत राहिले आणि तहान लागली की पिशवीतून बाटली काढत राहिले.

दिल्लीत राहून माणसाचे असले नियम सैल पडतात म्हणतात. अण्णांचे उलट आवळले गेले. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर मेरठचे त्यागी राहायचे. त्यांच्याकडे तर हा नियम जन्मभराचा, नातवंडं झाली तरी सुटका नाही. ‘बेटी के घर का तो पानी भी नहीं पीते, साहब,’ असं त्यागी म्हणाले की अण्णांना वाटायचं, आपण त्या मानाने फारच सवलत देतोय.

आई शहाणी होती. ती माझ्याकडे आली की स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याउभ्या पोहे खायची. उभ्याने खाल्लेलं मोजत नाहीत, असा तिचा स्वतःचा कायदा होता. अण्णा बाहेर पेपर वाचत बसायचे आणि आत काय चाललंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं. आई गेली आणि माझ्या घरी माहेरचं कुणी खाणारं उरलं नाही.

मी भांडले नाही असं नाही. एकदा चांगला आवाज चढवून विचारलं, “अण्णा, मूल होत नाही हा काय माझा गुन्हा आहे? शिक्षा मलाच कशाला?”

“शिक्षा तुला कुठे, मला आहे,” ते म्हणाले. “मीच उपाशी परत जातो ना. कन्यादान केलंय, गिरिजा. एकदा दान दिलं की त्यातलं कणभर परत घेऊ नये.”

हे ते इतक्या मायेनं म्हणाले की मला पुढे भांडता येईना. वाईट माणूस असता तर सोपं होतं. हा माणूस माझ्यासाठी थंडीत आयएनए मार्केटमधून ओल्या हळदीची लोणच्यापुरती पिशवी शोधून आणायचा. देण्यात कधी कमी नाही केलं. घ्यायचं तेवढं नाही.

आता त्यांच्या दुखण्याचं सांगते. अण्णांची नोकरी सरकारी क्वार्टर वाटपाच्या खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माझ्या धाकट्या भावाला, जयंतला, नशिबानं त्याच कॉलनीत क्वार्टर मिळालं, म्हणून ते तिथेच राहिले. त्यांच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता आणि त्यात उरलेली औषधं. सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळायच्या, दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. टाकायचं कसं? सरकारी माल आहे. मग कुणाला सर्दी झाली, घसा धरला, पोट बिघडलं की डबा उघडायचा आणि एखादी अँटिबायोटिक काढून द्यायची. कॉलनीतली अर्धी माणसं ‘अण्णाजी, कुछ है क्या?’ म्हणत यायची आणि अण्णा चष्मा कपाळावर चढवून पट्टीवरचं नाव वाचायचे. स्वतः तर शिंक आली तरी एक गोळी घ्यायचे. हातात डिग्री नव्हती एवढंच, बाकी रुबाब सिव्हिल सर्जनचा.

मागच्या हिवाळ्यात त्यांना लघवीचा संसर्ग झाला. डॉक्टरांनी भारी गोळ्या दिल्या, ते बरं झालं आणि जुलाब सुरू झाले. अण्णांनी कुणाला न सांगता डबा उघडला. त्यातली एक पट्टी संपवली, मग दुसरी. जेवढ्या गोळ्या खात गेले तेवढं पोट बिघडत गेलं. जयंत त्यांना इस्पितळात घेऊन गेला तोवर त्यांच्या पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळावी लागत होती.

पोटाच्या डॉक्टर होत्या अलकनंदा रावत, गढवालच्या. गोरीपान, लहानखुरी बाई, पण बोलायला एकदम रोखठोक. त्यांनी अण्णांना विचारलं, नोकरी कुठं केलीत? अण्णांनी सांगितल्यावर म्हणाल्या, “बस, फिर तो आप मुझसे अच्छा समझेंगे.” आणि हिंदीत समजावलं ते असं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात आणि त्यातले बहुतेक भले असतात. अन्न पचवायला मदत करतात, शरीर धडधाकट ठेवतात आणि जागा अडवून बसतात म्हणून गुंडांना शिरता येत नाही. अँटिबायोटिक वाईट जंतू मारते तशी या भल्या लोकांनाही मारते. सारखी घेत राहिलं की कॉलनीच्या कॉलनी रिकामी. आणि रिकाम्या क्वार्टरचं काय होतं?

“कब्ज़ा,” अण्णा लगेच म्हणाले. दुखण्यात सुद्धा त्यांचे डोळे चमकले. आयुष्यभर त्यांनी हेच बघितलं होतं.

“बिल्कुल. आपके पेट में एक गुंडा कब्ज़ा करके बैठ गया है.”

त्या गुंडासाठी वेगळं औषध होतं, ते सुरू झालं. डबा फेकून द्यायचा हुकूम झाला. हात साबणानेच धुवायचे, कारण या जंतूची बीजं सॅनिटायझरला भीक घालत नाहीत. संडास ब्लीचने धुवायचा. मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा, पाणी भरपूर. ताकाचं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, पचत असेल तर जरूर द्या, पण ताकानं गुंड बाहेर निघेल अशी आशा धरू नका.

औषधानं बरं वाटलं. थांबलं, तसं पुन्हा सुरू झालं. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा तेच. मी ऑफिसमधून सुट्ट्या काढून फरीदाबादहून लक्ष्मीबाई नगरला जायला लागले आणि जयंतच्या स्वयंपाकघरात अण्णांसाठी भात शिजवायला लागले. माझ्या हातचं त्यांना चालत होतं. तांदूळ जयंतचे, गॅस जयंतचा, त्यामुळे धर्म सुरक्षित. मी कुत्सितपणे म्हणायचे, “अण्णा, मीठ मात्र मी घातलंय हं, बघा बुडाला धर्म.” ते हसायचे आणि चमचा खाली ठेवायचे.

“जात नाही गं. भूकच नाही.”

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्या वेळा ऐकलं की मला त्याची भीती बसली. अण्णा म्हणजे खाणारा माणूस. पंगतीत जिलबीचा आग्रह करणाऱ्याला दमवणारा. आता तो भाताच्या वाटीकडे परक्यासारखा बघायचा. मनगटाची हाडं वर आली होती. उन्हाळ्यात एकदा न्हाणीघरात ते पडले. जयंतने उचलून आणलं तेव्हा तो मला फोनवर नुसता म्हणाला, “ताई, वजनच लागलं नाही,” आणि रडायला लागला.

त्यानंतर डॉक्टर अलकनंदांनी नवी वाट सांगितली. मी आणि जयंत उभे, अण्णा कॉटवर. त्या म्हणाल्या, गुंड हुसकावून जागा रिकामी ठेवली की तो परत येतोच. तिथे भली वस्ती बसवावी लागेल. एखाद्या निरोगी माणसाच्या विष्ठेत ती वस्ती तयार असते. तपासून, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, दुर्बिणीनं आतड्यात सोडायची. याने बरेच जण बरे होतात. आणि याने नाही झाले तर पुढच्या झटक्याला हे शरीर टिकेल याची खात्री देता येणार नाही. हे शेवटचं त्यांनी मला आणि जयंतला बाहेर बोलावून सांगितलं.

अण्णांनी आधी डोळे मिटले. रोज आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून पूजा करणारा माणूस. मला वाटलं, संपलं. पण जगायची इच्छा मोठी असते. डोळे उघडून ते डॉक्टरांना म्हणाले, “कीजिए. लेकिन किसका है, ये मुझे मत बताइए. कभी नहीं. ज़िंदगी भर उस आदमी को देखकर यही याद आएगा.”

“ठीक है. नाम नहीं बताएँगे,” डॉक्टर म्हणाल्या आणि अण्णांनी सही केली.

देणारा शक्यतो घरातला बघू, म्हणाल्या. पहिला अर्थात जयंत. तो पहिल्याच प्रश्नाला गळाला. गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलीत का? साहेबांनी घसा दुखला म्हणून मागच्याच महिन्यात गोळ्या खाल्ल्या होत्या. कुठल्या? अण्णांच्या डब्यातल्या. डबा फेकायला सांगितला होता तो यानं माळ्यावर ठेवला होता, सरकारी माल म्हणून. मी त्याला इस्पितळाच्या व्हरांड्यात जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. जयंतच्या बायकोला मधुमेह. माझे यजमान सूर्यकांत बिचारे आपणहून उभे राहिले, पण कारखान्याच्या कँटीननं त्यांच्या पोटाचं आधीच भजं केलेलं. उरले मी.

माझ्या पोटात वर्षानुवर्षं एक गोळी गेलेली नव्हती. त्याचं कारण काही योगसाधना नाही. मूल व्हावं म्हणून तरुणपणी मी इतक्या गोळ्या, इतकी इंजेक्शनं घेतली होती की ते सगळं थांबवलं त्या दिवशी शपथ घेतली, आता डोकं दुखलं तर बाम, ताप आला तर गार पाण्याच्या पट्ट्या. डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि मी हे सांगितलं. त्या लिहायच्या थांबल्या, मग पुन्हा लिहायला लागल्या.

रक्त तपासलं, विष्ठा तपासली. तपासणीच्या बाटल्या घेऊन इस्पितळाच्या खिडकीशी रांगेत उभं राहायची मला जुनी सवय होती. ज्या ज्या रांगेत उभी राहिले त्या प्रत्येक ठिकाणी माझ्या शरीरात काही ना काही कमी निघालं होतं. या वेळी डॉक्टर अलकनंदा कागद वाचून म्हणाल्या, “परफेक्ट. इससे अच्छा डोनर नहीं मिलेगा.” मी त्यांच्यासमोरच हुंदके देऊन रडले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि खुर्ची जवळ ओढली.

जयंत म्हणाला, “ताई, अण्णांना सांगू या ना.”

“सांग आणि बघ. म्हणतील, मुलीकडचं पाणी घेतलं नाही आणि आता हे घेऊ? मरण पत्करतील.”

“त्यांना वाटेल माझंच आहे.”

“वाटू दे. तू तोंड उघडायचं नाहीस. माझी शपथ आहे तुला.”

डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं, की नाव नको हे त्यांचंच म्हणणं आहे म्हणून मी सांगणार नाही, पण उद्या त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. मला ते मान्य होतं. अण्णा विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. शब्द दिला की दिला, असला माणूस.

द्यायच्या दिवशी सकाळी माझं पोट हटून बसलं. जन्मात कधी नाही ते. सूर्यकांत मला इस्पितळाच्या आवारात फेऱ्या मारायला लावत होते, मध्येच चहा पाजत होते आणि म्हणत होते, “टेन्शन नको घेऊ यार, होईल.” नर्स दोनदा येऊन विचारून गेली. एवढं हसू आणि एवढं रडू मला एकत्र कधी आलं नाही. शेवटी झालं. झाकण लावलेला डबा नर्सच्या हातात दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. देवाची आठवण मला फारशी येत नाही, तेव्हा आली. म्हटलं, बाकी काही माझ्याकडून झालं नाही, निदान हे तरी लागू पडू दे.

लागू पडलं. आठवड्याभरात जुलाब थांबले आणि या वेळी परत आले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, आता वस्ती सांभाळा. डाळी, भाज्या, फळं हळूहळू वाढवा, आणि आम्हाला विचारल्याशिवाय एकही अँटिबायोटिक नाही. अण्णा सगळं निमूट पाळायला लागले. त्यागी भेटायला आले तर त्यांनाच ‘खाली क्वार्टर में कब्ज़ा’ समजावून सांगायला लागले. गाल भरले. आवाज परतला. खायला मात्र अजून औषधासारखंच खात होते, घड्याळ बघून, दिलं तेवढं. भूक वेळानं येईल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी अण्णा स्वतःहून फरीदाबादला आले. जयंतने दारात सोडलं आणि तो त्याच्या कामाला गेला. परत सूर्यकांत पोचवणार होते. हातात पिशवी, पिशवीत बाटली. मी सकाळपासून स्वयंपाक करून ठेवला होता. मुगाची खिचडी, दुधी, ताक. कशाला केलं विचाराल तर हात थांबले नाहीत, एवढं खरं.

अण्णा सोफ्यावर बसले. अंगावर नवा स्वेटर होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि ते जरा पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, “गिरिजा, एक सांगू? नाव सांगू नका म्हणालो होतो मी. पण मला माहीत आहे.”

सूर्यकांत वर्तमानपत्राच्या आडून माझ्याकडे बघायला लागले.

“काय माहीत आहे अण्णा?”

“कुणी दिलं ते. जयंता. विचारलं नाही मी, विचारणारही नाही. पण त्याचा चेहराच सांगतो. माझ्याकडे बघतच नाही सरळ.” अण्णांचे डोळे भरून आले. “आणि चेहऱ्याचं सोड. आतून कळतं गं. बापाला आपलं माणूस आतून कळतं. परक्याचं असतं तर शरीरानं धरलंच नसतं. शेवटी मुलगा तो मुलगा.”

सूर्यकांतनी पेपर खाली ठेवला. ते काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्याकडे बघून नको अशी मान हलवली.

“तुला एक मुलगा असता,” अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “तर मला तुझी काळजी नव्हती. तुझं म्हातारपणी कोण करील, हाच घोर लागतो मला. आजारात पडल्यापडल्या हेच मनात यायचं.”

मी म्हणू शकले असते. एक वाक्य होतं. अण्णा, तुम्ही आता माझ्यावर जगताय. माझ्याकडचं तुम्ही घेतलंय आणि ते तुमच्यात नांदतंय. ओठांपर्यंत आलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. गालावर लाली, डोळ्यांत पाणी, आणि मुलानं आपल्याला वाचवलं याचा केवढा तो आनंद. हे वाक्य ऐकून त्या चेहऱ्याचं काय झालं असतं? मला हरायचं नव्हतं आणि त्यांना हरवायचंही नव्हतं. मी म्हटलं, “हो अण्णा. जयंता गुणाचाच आहे.”

आतून खिचडीवर घातलेल्या फोडणीचा वास बाहेर आला. अण्णांनी नाक वर करून तो घेतला. मग एकदम पोटावर हात ठेवला आणि लहान मुलासारखे चकित होऊन माझ्याकडे बघायला लागले.

“गिरिजा, भूक लागली गं.”

“काय?”

“भूक! अगदी कडकडून. केवढ्या दिवसांनी!” ते हसायलाच लागले. मला वाटलं, त्या क्षणी मी पुढे होऊन नुसतं ताट मांडलं असतं तर. मांडलंही असतं. पण अण्णांनी तोवर पिशवी उचलली होती, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यायले होते आणि चपला शोधत होते. “चला सूर्यकांतराव, निघू या. सूनबाईनं स्वयंपाक केला असेल. ही भूक जायच्या आत घरी पोचलं पाहिजे.”

मी चपला पुढे केल्या. स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं. गाडीपाशी जाऊन सूर्यकांतना सांगितलं, बदरपूरला जाम असेल तर आतल्या रस्त्यानं घ्या, कुठं थांबू नका, त्यांना उशीर व्हायला नको. अण्णा खिडकीतून हात हलवत होते. माझ्या बापाला वर्षानंतर भूक लागली होती, माझ्या दारात लागली होती, आणि मी त्याला घाईघाईनं माझ्या घरातून जेवायला घालवत होते.